लांबीखालची चासी

जुनी बुलेट घ्यायला गेलेला माणूस आधी टाकीवरून हात फिरवतो, मग किक मारून आवाज ऐकतो आणि लगेच किमतीवर येतो. चासीकडे त्याचं लक्ष जातं ते गाडी घरी आणून खोलल्यावर. मीही तेच केलं. करवीर तालुक्यातल्या एका दूधवाल्याकडून 1984च्या पासिंगची बुलेट घेतली. काळा रंग आरशासारखा, टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा. घरी येऊन सीट काढलं, तर मागच्या चौकटीची डावी नळी जरा जास्तच गुळगुळीत वाटली. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाजवून पाहिली. उजवी नळी खणकन वाजली, डावी बद्द. पातं टोचलं, तर लांबीची, म्हणजे पेंटरच्या पुट्टीची, बोटभर जाड खपली हातात आली. खाली गंज होता आणि गंजाखाली तीन वेगवेगळ्या वेळी मारलेल्या वेल्डिंगची ढेकळं.

पिस्टन, चाक, टाकी, मडगार्ड, सगळं नवं मिळतं. चासीची गोष्ट वेगळी. सगळे भाग तिच्यावर टांगलेले असतात, हे एक. दुसरं म्हणजे कागदोपत्री गाडी म्हणजे चासीच. म्हणून चासीचं काम हातात घेताना आधी तिची अवस्था नीट वाचायची, मग दुरुस्तीला हात घालायचा. वाचन चुकलं की दुरुस्तीचे पैसे दोनदा जातात. आणि या वाचनाच्या आड सगळ्यात जास्त येतो तो चांगला रंग. फिकुटलेल्या, गंजाचे डाग दिसणाऱ्या मूळ रंगातली गाडी मला विक्रीपूर्वी ताज्या रंगवलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी वाटते. तिच्यात निदान काय आहे ते दिसतं.

सुरुवात नंबरापासून करा. तो बहुतेक जुन्या गाड्यांवर हँडलच्या नळीवर किंवा तिच्या आसपास ठोकलेला असतो. त्यावरचा रंग थिनरच्या फडक्याने काढा. वायर ब्रश, ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर तिथे फिरवू नका. आकडे दिसले की पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आरटीओत चासीची प्रिंट घेतात तशी. दोन प्रती काढा, तारीख घाला आणि एकेक अक्षर आरसीशी ताडून पाहा. जुन्या काळी आकडे हाताने ठोकलेले असत, त्यामुळे ओळ थोडी वरखाली असली म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते आकड्यांभोवतीच्या लोखंडाकडे. कारखान्यात पडलेला आकडा अस्पर्श पृष्ठभागावर बसलेला असतो. भोवती ग्राइंडरचे ओरखडे, तेवढाच भाग खोलगट घासलेला किंवा चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ दिसली, तर गाडी कितीही देखणी असो, सौदा तिथेच सोडा. तुमच्या चासीचा नंबर असलेला तुकडा कापून भंगारातल्या चांगल्या चासीवर जोडून देतो, असं सांगणारे भेटतात. तो सरळसरळ गुन्हा आहे आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदारापुढे, प्रत्येक विमा दाव्यात तो तुमच्या गळ्यात राहतो. चासी खरोखरच बदलावी लागणार असेल, तर कापाकापीच्या आधी आरटीओची पायरी चढा.

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. व्हिंटेज वाहनांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम केंद्राने 2021मध्ये काढले. त्यात गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे आणि चासीत केलेला बदल त्या अटीत बसत नाही. मागची चौकट कापून कॅफे रेसर करायची हौस असेल, तर ती अशा गाडीवर भागवू नका.

आता सरळपणा. खोलायच्या आधी गाडी चालण्याजोगी असेल, तर एकदा चालवून घ्या. रिकाम्या, सपाट रस्त्यावर चाळीसच्या आसपास वेगात हँडलवरची पकड सैल करा, सोडू मात्र नका. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर लगेच चासीला दोष देऊ नका. एकीकडून झिजलेला टायर, नीट न बांधलेली रिम, फार आवळलेला कोनसेट (हँडलचं बेअरिंग), मागच्या चाकाचे ॲडजस्टर दोन्हीकडे सारख्या खाचेवर नसणं, यातल्या कशानेही गाडी ओढते. बुलेटचे जुने ॲडजस्टर गोगलगायीच्या शंखासारखे गोल आणि खाचांचे असतात. दोन्हीकडच्या खाचा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा अर्धा दिवस चासी वाकडी समजून काढला होता. एका बाजूची खाच एकाने पुढे होती, एवढंच.

हे सगळं बिनचूक असेल तर गाडी डबल स्टँडवर घ्या आणि दोरी लावा. मागच्या टायरला मागून वेढा देऊन दोरीची दोन्ही टोकं पुढच्या चाकापर्यंत ताणून आणा, ॲक्सलच्या थोडी खाली. दोरी मागच्या टायरला पुढे आणि मागे अशा दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. पुढचं चाक सरळ धरलं की त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीपासूनचं अंतर सारखं हवं. अंतर कमीजास्त आहे पण चाक दोरीला समांतर आहे, असं दिसलं तर चाक बाजूला सरकलंय. दोष रिमच्या बांधणीत, स्पेसरमध्ये किंवा चिमट्यात, म्हणजे स्विंगआर्ममध्ये असू शकतो. मग गवंड्याकडून ओळंबा मागून आणा आणि दोन्ही चाकांशेजारी आळीपाळीने सोडा. मागचं चाक ओळंब्यात आहे आणि पुढचं झुकलंय, किंवा उलट, तर कुठेतरी पीळ पडलाय: हँडलच्या नळीत, शॉकअप धरणाऱ्या टीमध्ये किंवा चिमट्यात. टी आणि शॉकअप सुटे काढून काचेवर किंवा लेथवर तपासता येतात, म्हणून आधी ते तपासा. धडकेत पहिला मार तेच खातात आणि बऱ्याचदा चासी वाचते.

समोरून बसलेल्या माराची खूण ओळखायला सोपी आहे. हँडलच्या नळीखाली, उतरत्या नळीवर आणि वरच्या नळीच्या खालच्या अंगाला हात फिरवा. धडकेने नळी दबली असेल तर तिथे बारीक सुरकुती लागते, कापडाची चुणी लागावी तशी. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. जुना रंग असेल तर त्या जागी तो आडवा तडकलेला असतो. पुढचं मडगार्ड उतरत्या नळीच्या फार जवळ आलंय का, हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला घासतं का, हेही बघा. हँडलला थोपवणारे टेकू उडाले असतील, तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे हे नक्की.

चासी पूर्ण मोकळी केल्यावरच खरं मोजमाप होतं. चिमट्याच्या भोकातून त्याचा स्पिंडल आरपार घाला आणि चासी अशी टेकवा की स्पिंडलवर ठेवलेल्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईल. खाली पत्र्याचे तुकडे सारत बसावं लागतं, घाई करू नका. हँडलच्या नळीच्या वरच्या-खालच्या तोंडात बसतील अशा दोन गोल चकत्या लेथवर कातून घ्या, मधल्या भोकातून एक सरळ लांब रॉड घाला. आता समोर उभं राहून रॉडच्या वरच्या टोकावरून ओळंबा सोडा. बाजूने पाहताना रॉड तिरपा दिसणारच, तो तसाच असायला हवा. समोरून मात्र तो ओळंब्याशी एकरेष दिसला पाहिजे. मग स्पिंडलच्या दोन्ही टोकांपासून, मध्यापासून सारख्या अंतरावर खुणा करून, रॉडच्या खालच्या टोकापर्यंत दोरीने अंतर मोजा. डाव्या-उजव्या अंतरात तीनेक मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो. जुन्या गाड्या कारखान्यातूनही घड्याळासारख्या नेमक्या येत नसत. त्याहून जास्त फरक असेल तर मला झोप येत नाही. मोजताना ब्रॅकेटपासून किंवा नळीच्या कडेपासून मोजण्याचा मोह टाळा, कारण ब्रॅकेट दोन्हीकडे सारखे असतीलच असं नाही.

माझ्या बुलेटची हँडलची नळी निर्दोष निघाली. मागची चौकट मात्र डावीकडे अकरा मिलिमीटर खाली लोंबली होती. हे का झालं ते पूर्वीच्या मालकाच्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं. चाळीस लिटरचे दोन कॅन दोन्ही बाजूंना. चाळीस लिटर दूध म्हणजे एक्केचाळीस किलो, वर कॅनचं वजन. शंभराच्या जवळ जाणारं हे ओझं मागच्या चौकटीला टांगलेलं, आणि प्रत्येक दारी गाडी साइड स्टँडवर, म्हणजे डावीकडे कलती. वीस-पंचवीस दारं, रोज दोनदा. साइड स्टँडचा कान फाटला होता आणि डावी नळी दबली होती. उजवीला काही झालं नव्हतं. गाडीने काय सोसलंय हे आधीच्या मालकाला विचारा. तो किंमत सांगताना खोटं बोलेल, पण काम काय केलं ते खरं सांगतो, बहुतेक अभिमानाने.

वाकलेलं सरळ करणं म्हणजे गॅरेजच्या भाषेत बेंड काढणं. मागची चौकट थोडी लोंबली असेल आणि नळीला चुणी पडलेली नसेल, तर ती थंडच, छोट्या हायड्रॉलिक जॅकने, लाकडी ठोकळे मध्ये घालून, हळूहळू उचलता येते. लोखंड मागे सरतं, म्हणून किंचित पुढे न्यावं लागतं. दर वेळी जॅक काढून मोजायचं. नळी लाल तापवून वाकवणं सोपं पडतं आणि म्हणूनच सगळे ते करतात, पण तापलेली जागा नेमकी आपल्याला हवी तिथेच वाकेल याची खात्री नसते. कडुलिंबाला साखळीने बांधून ट्रॅक्टरने ओढलेली चासी मी डोळ्यांनी पाहिली आहे. सरळ झाली होती. कुठल्या दिशेने, ते विचारू नका. चुणी पडलेली किंवा चपटी झालेली नळी सरळ करून उपयोग नाही, ती तिथे पुन्हा वाकते किंवा चिरते. तेवढा तुकडा बदलायचा. आणि हँडलची नळीच फिरली असेल, तर ते घरचं काम नव्हे, अंगणातल्या जॅकचंही नव्हे. चासी जिगवर बसवून मोजून देणाऱ्याकडेच जा. तसा माणूस मिळत नसेल तर काम थांबवा. गाडी चाळीस वर्षं थांबली आहे, आणखी सहा महिने थांबेल.

चिरा शोधायला रंग काढावाच लागतो, पण त्याआधी एकदा डोळे भरून बघून घ्या. रंगातून बाहेर आलेली गंजाची केसाएवढी तपकिरी रेघ म्हणजे बहुतेक चीर. चीर पडायच्या जागा ठरलेल्या असतात: स्टँडचे कान, मागच्या शॉकअपचे वरचे टेकू, हँडलच्या नळीखालचा जोडपत्रा, लेगगार्डचा क्लॅम्प आवळलेली जागा आणि इंजिनच्या फाउंडेशनची भोकं. या शेवटच्या जागेवर बुलेटवाल्यांनी जास्त वेळ द्यावा. तिची उतरती नळी इंजिनच्या पुढ्यात संपते, खालून पाळण्यासारखी मागे जात नाही. पुढून मागे चासी जोडली जाते ती इंजिनातून आणि त्याच्या पट्ट्यांतून. म्हणजे फाउंडेशनचे नट सैल राहिले तर हलणाऱ्या इंजिनासोबत चासीही खिळखिळी होते. भोकं लांबट होतात आणि कडेने चिरा निघतात. लांबट झालेलं भोक जाड वॉशर घालून आवळणं हा उपाय नव्हे. भोक भरून पुन्हा मापाने पाडा, किंवा मोठं करून त्यात बुश बसवा.

संशयाच्या जागी लाल द्रव आणि पांढरी पावडर फवारून चीर दाखवणारे स्प्रे मिळतात. ते नसतील तर जुन्या फिटरांची युक्ती अजून चालते. जागा स्वच्छ करून तिथे रॉकेल लावा, ते न मिळाल्यास डिझेल. पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं तेल परत वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. खडूवर रेघ उमटायला लागली की आपण अर्धे डॉक्टर झालो असं वाटतं. त्या नादात प्रत्येक ओरखड्याला चीर समजू नका. पुसून पुन्हा करा, चीर असेल तर तिथेच परत दिसेल.

वेल्डिंगसाठी मी चासी उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडे नेली. त्याने हातही लावला नाही. म्हणाला, “पावणं, ह्ये आधी घासून पांढरं करून आणा. गंजावर टाका बसत न्हाई.” जो वेल्डर आणल्या आणल्या मशीन चालू करतो त्याच्यापेक्षा हा माणूस बरा, हे मला लगेच पटलं. जुनी तीन ढेकळं ग्राइंडरने काढली तेव्हा खालची नळी कागदासारखी पातळ निघाली. ढेकळांनी भोक झाकलं होतं, जोडलं काहीच नव्हतं.

कुजलेला किंवा चुणी पडलेला तुकडा कापताना चांगल्या, जाड लोखंडापर्यंत कापा. नवी नळी त्याच व्यासाची आणि त्याच जाडीची घ्या. जाड घातली म्हणजे जास्त मजबूत होईल, हा गैरसमज आहे. जाड आणि पातळ जिथे भेटतात तिथेच मग ताण साठतो आणि पुढची चीर तिथे पडते. जोडाच्या आत चपखल बसणारी एक छोटी नळी घाला, दोन्ही बाजूंना पुरेशी आत जाईल अशी. बाहेरच्या नळीला दोन-तीन भोकं पाडून तिथूनही आतली नळी वेल्डने पकडा. काप सरळ आडवा न घेता तिरपा घेतला तर जोडाची लांबी वाढते आणि ताण एका वर्तुळावर येत नाही. नुसती चीर असेल तर तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग चीर व्ही आकारात कोरून वेल्ड करा.

वेल्डिंगच्या उष्णतेने चासी ओढली जाते. म्हणून स्पिंडल, हँडलच्या नळीतला तो रॉड आणि इंजिन असं सगळं बसवून आवळूनच टाके मारून घ्या. चांगलं इंजिन तापवायची इच्छा नसेल तर भंगारातून फुटकी क्रँककेस आणा. आत काही नसलं तरी चालतं, बोल्टची भोकं जागेवर असली की झालं. बारीक टाके आधी चारही बाजूंनी, मग समोरासमोरच्या जागी थोडं थोडं भरत जायचं. काम झाल्यावर जोड आपोआप थंड होऊ द्या. बादलीभर पाणी ओतून चर्र आवाज काढणारे कारागीर आहेत, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि टाकी, बॅटरी, वायरिंग हे सगळं आधी दूर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, तिच्यात वाफ भरलेली असते.

काही जुन्या, विशेषतः ब्रिटिश गाड्यांत नळ्या ओतीव सांध्यांमध्ये पितळाने जोडलेल्या असतात. घासल्यावर सांध्याच्या कडेला पिवळी रेघ दिसली तर समजा. त्यावर आर्क वेल्डिंग करू नका. वितळलेलं पितळ लोखंडाच्या कणांमधे शिरतं आणि जोड ठिसूळ होऊन चिरतो. असा सांधा पुन्हा पितळानेच, गॅसवर ब्रेझिंग करणाऱ्याकडून करून घ्या. असे हात आता कमी उरलेत. सायकल रिक्षा किंवा जुने पंप दुरुस्त करणाऱ्यांत शोधा.

गंजाची गोष्ट थोडक्यात, कारण तो दिसतो तरी. वरवरचा गंज पुसला जातो. खड्डे पडलेला गंज टोकदार सुईने टोचून पाहा: सुई आत गेली तर नळी संपली. बॅटरीच्या पेटीखालची जागा हमखास खाल्लेली असते, आम्ल ठिबकून. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस येणं थांबेपर्यंत. माझ्या गाडीला वर रोज आंबलेल्या दुधाचं पाणी होतं. आतून गंज आहे का हे कळायला नळी हलक्या हातोडीने वाजवत पुढे जा. आतून तपकिरी भुगा गळायला लागला की काळजी करा. नळ्यांच्या खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. पेंटर ती लांबीने बुजवतात आणि पुढच्या पावसाळ्याचं पाणी आतच मुक्काम करतं. ती उघडी करा. कोकणातल्या गाडीला तर नळीच्या आत पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फिरवल्याशिवाय रंग देऊच नका.

सगळी दुरुस्ती झाल्यावर सँड ब्लास्टिंग. त्याआधी आटे, कोनसेटच्या जागा, चिमट्याच्या भोकातल्या जागा जुन्या बोल्टांनी किंवा रबरी बुचांनी बंद करा, नाहीतर उरलेली वाळू दोन महिन्यांनी बॉलमध्ये येऊन बसते. नंबराच्या जागेवर रबराची पट्टी आणि वर टेप, तिथे वाळू लागता कामा नये. ब्लास्टिंग झालेलं लोखंड नागडं असतं. पावसाळ्यात तासाभरात त्यावर पिवळसर छटा चढते, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. पावडर कोटिंग टिकाऊ खरं, पण ते दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. आत कुठे जुनी लांबी राहिली असेल तर ती जळून फुगते. एका अर्थी ती शेवटची तपासणीच. मी चासीला लांबी लावतच नाही. वेल्डची रेघ दिसू दे. अर्थिंगचा बोल्ट बसतो ती जागा पुन्हा खरवडायला विसरू नका, नाहीतर वायरिंगवाला दिवसभर फॉल्ट शोधत बसेल.

कोटिंगवाल्याला नंबरावर एकच पातळ थर द्यायला सांगा. चासी हातात आली की तिथे पातळ कागद ठेवून पुन्हा पेन्सिल घासा आणि पहिल्या दिवशी काढलेल्या प्रिंटशेजारी ठेवून बघा. सगळे आकडे तितकेच स्पष्ट उमटत नसतील, तर पैसे चुकते करायच्या आधी चासी परत द्या.